माझी फक्त संमती

मला जळायला फार काही लागत नाही. शेजारणीची भाकरी टम्म फुगली तरी माझ्या पोटात दुखतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पदरात मूल नव्हतं, आणि त्या नऊ वर्षांत मी कुणाकुणावर जळले ते लिहायला वही पुरायची नाही. थोरल्या जावेवर जळले, तिला चार. नणंदेवर जळले, ती माहेरपणाला यायची ती दर वेळी पोट घेऊनच. गल्लीतल्या मांजरीवरसुद्धा जळले आहे, खोटं कशाला बोलू! बारशाचं बोलावणं आलं की मी खण-नारळ घेऊन जायची, पाळण्याची दोरी ओढायची, सगळ्यांबरोबर हसायची, आणि घरी येऊन भांडी अशी आपटायची की हे म्हणायचे, "अगं, तांब्याला पोचा आला." हे म्हणजे माझे यजमान. नगरला नागापूरच्या बाजूला एका कारखान्यात फिटर होते. अबोल माणूस. आणि माझं तोंड म्हणजे शिंगणापूरचं घर, दार म्हणून नाही.

पण या सगळ्यांत एक जळणं असं आहे की ते माझ्या या तोंडातूनही कधी बाहेर पडलं नाही. लोकांनी त्याला भलतंच मोठं नाव दिलं आणि मी ते खपवून घेतलं.

ती दुष्काळाची सालं. पावसानं दडी मारलेली, नळाला पाणी कधी यायचं कधी नाही, रेशनच्या दुकानापुढं ही रांग, आणि रांगेत ताटकळून मिळायची ती परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, मिलो. तिची भाकरी थापतानाच हातात तुटायची. खेड्यापाड्यांतली माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, तलावांचे बांध घालत होती. त्याच दिवसांत गावातल्या एका अनाथाश्रमात मुलं फार आली. ह्यांच्या ओळखीच्या एका साहेबांनी तिथं शब्द टाकून ठेवला होता. एके दिवशी आश्रमाच्या अधीक्षकांचं बोलावणं आलं.

"मुलगा आहे, तीन महिन्यांचा असेल," अधीक्षक म्हणाले. "सुप्याच्या पलीकडं एका दुष्काळी कामाजवळ उकिरड्यावर टाकलेला होता. पाहणीला गेलेल्या साहेबांच्या जीपमधून आला. महिनाभर झाला, कुणी विचारायला आलेलं नाही. कोर्टाची परवानगी आली की रीतसर दत्तक होईल. तोवर सांभाळायला घेऊन जा."

काळंसावळं, काटकुळं पोर, पण डोळे असे की बघत राहावं. मी आयाच्या हातून ते जवळजवळ हिसकावूनच घेतलं. टांग्यात बसल्यावर हे म्हणाले, "बघू तरी मला." मी म्हणाले, "घरी गेल्यावर बघा."

घरी आणून पायावर घेतला. तोंडावरून पाण्याचा हात फिरवला आणि बोटाला काहीतरी टोचलं. नाकपुडीत तांब्याची बारीक तार होती, वळवून कडी केलेली; आश्रमातल्या गर्दीत कुणाच्या नजरेला आली नसेल.

मुलाचं नाक कुणी उगाच टोचत नाही. मी पारनेर तालुक्यातलीच, मला हे सांगायला लागत नाही. माझ्या पाठच्या भावाचं नाक असंच टोचलेलं, कारण त्याच्या आधीची दोन गेली होती. ज्या बाईची मुलं जगत नाहीत ती पुढचं मूल सुपात घालते, उकिरड्यावर नेऊन ठेवते आणि मागं वळून न बघता चालायला लागते. दुसरी एखादी बाई, आधी सांगून ठेवलेली, ते उचलून आपल्या घरी नेते. मग आई पदरात ओंजळभर धान्य घेऊन तिच्या दारात जाते आणि आपलंच मूल विकत घेते. काहीतरी दगड-धोंडा असलं नाव ठेवते. मरणाला वाटावं, हे टाकाऊ आहे, ह्याला नेऊन काय करायचं. जिवापाड हवं असलेलं मूलच उकिरड्यावर जातं, नको असलेलं नाही.

तेव्हा मला पहिल्या आंघोळीलाच कळलं. हे टाकलेलं पोर नव्हतं. कुठंतरी एक बाई रिकामं सूप घेऊन ह्याला शोधत हिंडत होती. मी ह्यांना हाक मारली नाही. साबणाच्या बोटांनी तार सरळ केली, ओढून काढली आणि मोरीत सोडून दिली. पोर कळवळून रडलं, मी त्याला छातीशी घट्ट धरलं. पंधरा दिवस रोज खोबरेल चोळलं. भोक बुजलं.

पुढचे सात महिने मी कशी होते ते काय सांगू! जाऊ आली तर तिला मी पोर घेऊ द्यायची नाही, म्हणायची, "आत्ताच झोपलाय." शेजारच्या काकूंनी गाल ओढला की मी पदरानं तो गाल पुसायची. हे कामावरून आले की पोर त्यांच्याकडं झेपावायचं. ते मला सोसायचं नाही. "आधी हात धुऊन या," म्हणायची, आणि ते हात धुऊन येईस्तोवर त्याला खांद्यावर टाकून थोपटत दुसऱ्या खोलीत जायची. मग हे टॉवेलला हात पुसत दारात उभे राहायचे.

मग एका सकाळी दाराची कडी वाजली. उघडलं तर अंगभर पांढरी धूळ बसलेली एक बाई. माझ्यापेक्षा लहान, पंचविशीचीही नसेल. कपाळ मोकळं. दोन्ही हातांनी पदराची झोळी धरलेली.

"बाई," ती म्हणाली, "माझं पोर तुमी उचललं म्हनं. लई उपकार झालं. हे शाळू आनलाय. आता घाला माझ्या पदरात."

झोळीत खरंच शाळू होता. पांढरास्वच्छ, टपोरा. सगळा जिल्हा मिलो चावत होता तेव्हा हिनं हा कुठून पैदा केला देव जाणे. तिच्या दृष्टीनं सगळं सरळ होतं. तिनं पोर ठेवलं, कुणीतरी उचललं, ती धान्य घेऊन आली. जरा उशीर झाला होता एवढंच. मध्ये जीप आली, दवाखाना आला, आश्रम आला, कोर्टात अर्ज गेला, हे तिच्या गावीही नव्हतं.

"कुठलं पोर? कसलं पोर?" मी म्हणाले. "घर चुकलीस तू."

आणि नेमकं तेव्हाच ते रांगत आलं. उंबऱ्यापाशी थांबलं, तिच्याकडं पाहिलं, मग तोंड फिरवलं आणि माझ्या लुगड्याचा सोगा धरून उभं राहायला लागलं. तिला ओळखलंच नाही. मला इतका आनंद झाला की आज सांगताना लाज वाटते. आता रड, म्हटलं, आता ऊर बडव.

ती हसली. खाली बसून त्याच्याकडं बघत हसली. "वळखना मला! बरं झालं बया, दिष्टबी लागायची न्हाई. केवढा मोठा झालाय. काय घालता वो खायाला?"

मी आतून पेटले. मी इथं जळून खाक होते आणि ही जळतच नव्हती! माझ्या लुगड्याला चिकटलेलं आपलं पोर बघून तिला बरं वाटत होतं. मी पोर उचललं. "कोर्टानं दिलंय मला," म्हणाले. तेव्हा दिलेलं नव्हतं, नुसता अर्ज होता. "पुन्हा आलीस तर पोलिसात देईन." आणि दार लावून घेतलं.

ती पुन्हा आली. कामाला सुट्टी असेल त्या दिवशी खडीच्या ट्रकमध्ये बसून यायची, समोरच्या लिंबाखाली पदर सावरून बसायची आणि दुपार कलली की परत जायची. आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाही. एका रविवारी हे घरी होते. मी स्वयंपाकात, आणि बाहेर बघते तर काय, हे तिला बशीतून चहा देतायत! नऊ वर्षांत मला कधी स्वतःच्या हातानं पाणी दिलं नव्हतं या माणसानं. मी दाराआड उभी राहून ऐकत राहिले.

ती सांगत होती. नवरा विहिरीच्या खोदाईत दरड कोसळून गेला, पोर तेव्हा पोटात. आधीची दोन सहा महिन्यांच्या आत गेलेली. हे झालं तेव्हा कामावरच्या एका म्हातारीनं सांगितलं, आपली रीत करून घे. एका बाईला सांगून ठेवलं, तू उचल. सकाळी कामाच्या आधी सूप उकिरड्यावर ठेवलं, पाठ फिरवली. पण त्या दिवशी मुकादमानं हजेरी लवकर सुरू केली. साहेब पाहणीला येणार होते ना! उचलणारी बाई हजेरीच्या रांगेत अडकली. रांग सोडली तर दिवसाचा खाडा.

"आणि तू? तू का नाही गेलीस परत?" ह्यांनी विचारलं.

"मागं वळून बगायचं नस्तं, दादा. म्या बगितलंच न्हाई. जीपचा आवाज आला तवाबी न्हाई. मला वाटलं, उचललं आसंल तिनं."

पुढं ती सुप्याच्या चौकीत गेली, तिथून नगरच्या सरकारी दवाखान्यात, तिथून आणखी कुठं कुठं. कुणी उभं करीना. शेवटी आश्रमातल्या एका आयाला दया आली आणि तिनं आमची गल्ली सांगितली.

संध्याकाळी हे मला म्हणाले, "अगं, तिचं खरं वाटतं मला. नाक टोचलंय म्हणते पोराचं."

"मग बघा की! बघा नाक. आहे कुठं भोक?" मी पोराचं तोंड त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. भोक नव्हतंच, दिसणार कुठून. "असल्या छप्पन्न येतील," मी म्हणाले, "धष्टपुष्ट पोर दिसलं की सगळ्यांना पान्हा फुटतो." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी एकटी आश्रमात गेले आणि ही बाई छळते म्हणून अधीक्षकांकडं तक्रार केली. त्यांनी चौकीत कळवलं, आणि तिला बोलावून तिचा जबाब घेतला गेला. आठवड्यानं आश्रमाच्या वकीलसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. साहेब खुशीत होते.

"काम सोपं झालं तुमचं," म्हणाले. "आता हा तिचा जबाब ऐका. मूल तू उकिरड्यावर ठेवलंस का? व्हय, म्याच ठेवलं. मागं वळून पाहिलंस का? न्हाई. खाली अंगठा. आईनं मूल टाकल्याचं कबूल केलं. टाकलेल्या मुलाच्या बाबतीत आई-बापाचा हक्क उरत नाही; आश्रम पालक म्हणून कोर्टाच्या परवानगीनं दत्तक देऊ शकतो."

"का ठेवलं, ते नाही विचारलं?" ह्यांनी विचारलं.

"जबाबात तसा प्रश्न नाही."

 मी विचारलं, "आणि समजा टाकलेलं नसेल तर?"

"तर मग सगळा हक्क तिचा. बाप हयात नाही, तेव्हा मूल द्यायचा अधिकार एकट्या आईला. तिनं स्वतःच्या हातानं दिलं, तुम्ही घेतलं, तरच दत्तक. तिनं नाही म्हटलं तर कुणाच्या बापाचं काही चालणार नाही. म्हणजे तुमच्या भाषेत, तिनं ओटीत घातलं पाहिजे."

"माझ्या ओटीत."

"कायद्यानं घेणारे तुमचे यजमान," वकीलसाहेब कागद चाळत म्हणाले. "तुमची फक्त संमती."

घ्या! रात्रंदिवस छातीशी मी धरायचं, शी-शू मी काढायची, आणि घेणारे हे. देणारी ती. खडी फोडणाऱ्या त्या बाईच्या अंगठ्याला कोर्टात जेवढं वजन, तेवढं माझ्या सगळ्या जन्माला नाही. येताना वाटेत हे काही म्हणत होते, मी एक अक्षर ऐकलं नाही. माझ्या डोक्यात एकच, देणारी ती.

तारखेच्या दिवशी मी पोराला नवं झबलं घातलं, काजळाची तीट लावली. जिल्हा न्यायाधीशांनी आम्हाला त्यांच्या खोलीतच बोलावलं. वयस्कर माणूस, कोकणाकडचे असावेत बोलण्यावरून. ती भिंतीला टेकून उभी होती. धुतलेलं लुगडं, हात रिकामे. आज धान्य आणलं नव्हतं.

न्यायाधीशांनी जबाब वाचला आणि मान वर करून तिला विचारलं, "का ठेवलंस गं?"

इतक्या महिन्यांत कुठल्याही कागदानं न विचारलेला प्रश्न. ती बोलायला लागली. आधीची दोन, म्हातारी, सूप, हजेरी, जीप. अडखळत, पण एक शब्द इकडचा तिकडं नाही. "टाकाया ठिवलं नव्हतं साहेब, ऱ्हावं म्हून ठिवलं हुतं. नाकात तार हाय बगा त्याच्या."

न्यायाधीशांनी मला खूण केली. मी पोर घेऊन टेबलापाशी गेले. त्यांनी हनुवटी धरून नाक पाहिलं, इकडून, तिकडून. वकीलसाहेब म्हणाले, "काही नाही साहेब. बनाव आहे."

ती दोन पावलं पुढं आली. वाकून पाहिलं. मग हळूच मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

ती पारनेरकडचीच, मीही तिकडचीच. दहा-अकरा महिन्यांपूर्वी घातलेली तार आपोआप पडत नाही, आणि तिच्याशिवाय ते समजेल अशी त्या खोलीत एकच बाई होती. तिला कळलं. मला वाटलं, आता बोलणार. आता माझ्या झिंज्या धरणार. मी तयार होते, खरं सांगते, मी वाटच बघत होते. एकदा तरी ती माझ्यावर चिडू दे.

"बुजलं आसंल," ती न्यायाधीशांना म्हणाली. "ल्हान मास हाय. बुजतंय लवकर."

मला पाठीशी घातलं तिनं! मला!

न्यायाधीशांनी जबाबाचा कागद बाजूला सारला. मग सावकाश तिला समजावून सांगितलं. नाकाचं काही का असेना, बाई, तुझी रीत मला खरी वाटते. तू हे मूल टाकलेलं नाहीस. तेव्हा त्याच्यावर हक्क तुझा आहे. तू नको म्हणालीस तर हा अर्ज मी फेटाळतो आणि मूल तुझ्या ताब्यात देतो. तुला काय हवंय, घाई न करता सांग.

ह्यांनी माझा हात धरला. चारचौघांत पहिल्यांदाच. 

ती पोराकडं बघत होती. पोर माझ्या मंगळसूत्राशी खेळत होतं. मग ती म्हणाली, "साहेब, माझ्याकडं दोन गेली. हिच्याकडं हे जगलं. हिच्या हाताला यश हाय. माझ्याकडं काय हाय, खडी अन् कामावर मिळती ती सुकडी." पदरानं नाक पुसलं. "म्या देते. माझ्या हातानं देते हिच्या वटीत. पन त्यो जबाब फाडा. म्या टाकलं न्हाई, म्या दिलं, आसं लिवा कागदावर."

वकीलसाहेबांचा चेहरा उजळला. याहून भक्कम दत्तक नाही, त्यांनी ह्यांच्या कानात सांगितलं, आता जन्मात कुणी बोट ठेवू शकणार नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे पुसले. हे तर रडतच होते. पट्टेवालासुद्धा आत डोकावला. आधी मूल आईच्या हाती द्यायचं, मग तिनं द्यायचं, असं ठरलं. मी पोर तिच्या हातात दिलं. तिनं ते छातीशी धरलं नाही, मुका घेतला नाही. समोर धरून मला म्हणाली, "बाई, पसरा वटी."

एवढंच करायचं होतं. पदर पुढं करायचा. नऊ वर्षं जे मागितलं ते पदरात पडत होतं, तेही असं की कुणी कधी परत मागायचं नाही.

आणि माझा हात पदराला लागेना.

मी तिच्याकडं बघत होते. कशी उभी होती! जशी काही एखादी राणी. अंगावर धुऊन विटलेलं लुगडं, नखं फुटलेली, आणि मला पोर दान देत होती. पोर मोठं होईल, शहाणं होईल, कधीतरी कुणीतरी त्याला सांगेल, तुझ्या आईनं तुला दिलं, तुझ्या भल्यासाठी काळजावर दगड ठेवून दिलं. आई म्हणजे कोण? ही. मग मी कोण? पदर पसरलेली बाई. आणि ती तार काढणारी मी हे तिला माहीत असून तिनं झाकलेलं. माझ्या ओटीतल्या प्रत्येक सुखावर तिचा हात राहणार. मी चोरून ठेवलं होतं तोवर ते सगळं माझं होतं. तिच्या हातून घेतलं की थोडं तिचं होणार होतं. ते थोडं मला चालत नव्हतं.

"माझी संमती नाही," मी म्हणाले.

खोलीत कुणाला कळेचना. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, अहो, काय बोलताय?"

"तुम्हीच सांगितलंत ना, घेणारे हे, माझी फक्त संमती. ती मी देत नाही. आणि साहेब, नाकात तार होती. मी काढली. पहिल्याच दिवशी."

ह्यांनी माझा हात सोडला. तिनं पोर अजून तसंच पुढं धरलेलं होतं, तिचे हात भरून आले असतील. न्यायाधीशांनी मला पुन्हा विचारलं, विचार करून सांगता का? मी म्हणाले, करूनच सांगते. मग त्यांनी काहीतरी लिहिलं, सही केली आणि तिला म्हणाले, "जा, घेऊन जा तुझा मुलगा."

तेव्हा मात्र तिला हुंदका फुटला. तिनं पोराला उराशी असं आवळलं की ते घाबरून ओरडायला लागलं, माझ्याकडं हात पसरायला लागलं. ती तशीच खाली वाकली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "तुमच्यावानी मोठं मन देवाचंबी न्हाई," म्हणाली. मी पाय मागं घेतले. न्यायाधीश म्हणाले, इतक्या वर्षांच्या नोकरीत असं पाहिलं नाही. वकीलसाहेबांनी हात जोडले.

गल्लीत ही गोष्ट आमच्याआधी पोचली, तारेचं तेवढं वगळून. काकू आल्या, गळ्यात पडून रडल्या. जाऊ आली आणि पहिल्यांदा माझ्या हाताला हात लावून बोलली. पुढं कुठं हळदी-कुंकवाला गेले तरी कुणीतरी शेजारणीला सांगायचं, ह्याच त्या, ज्यांनी पोटच्यासारखं वाढवलेलं पोर त्याच्या आईला परत केलं. मी मान खाली घालायची. त्यांना तो विनय वाटायचा. आश्रमानं दुसरं मूल देऊ केलं, मी नको म्हणाले, त्याचंही कौतुक झालं. ती बाई पुन्हा कधी आली नाही. मीही चौकशी केली नाही. पोर कसं आहे हे कळण्यापेक्षा तिच्याकडं ते सुखात आहे हे कळण्याची मला भीती होती.

पण बाकीचे जाऊ देत. ह्यांचं सांगायचं राहिलं. कोर्टातून आम्ही चालत घरी आलो.  मला वाटलं, तारेबद्दल बोलतील. घरी येऊन त्यांनी दोरीवरची झबली काढली, घड्या घातल्या. ते काम त्यांनी कधी केलेलं नव्हतं. घड्या वाकड्यातिकड्या होत होत्या. पाठमोरेच म्हणाले, "मलाही तो हवा होता गं. पण तू बरोबर केलंस. तार काढलीस ते विसरून जा, तू त्याच्या आईचा जीव बघितलास. म्हणून सोडलंस ना?"

कायद्यानं तो त्यांचा मुलगा होणार होता. सही त्यांची, नाव त्यांचं. माझ्या एका शब्दानं मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला होता, आणि ते मला विचारत होते, मी चांगुलपणानं केलं ना? त्यांनी जन्मभर त्या चांगुलपणावर मान ताठ ठेवली. शेवटच्या आजारपणात डॉक्टरीणबाईंना सांगत होते, ही माझी बायको, साधी बाई नाही ही.

तेव्हा खरं कारण नाही सांगितलं. त्या दिवशीही नाही. झबल्यांच्या घड्यांकडं बघत मी म्हणाले, "हो. म्हणूनच."